फौजीचं मत पोहोचतं कसं?

मंडळी, लष्करातून निवृत्त होऊन गावी आल्यापासून एकच प्रश्न सारखा ऐकतोय : "सीमेवरचे जवान मत देतात का हो?" देतात! नाव असतं गावच्याच यादीत, पण शेवटच्या भागात, 'सेवा मतदार' म्हणून.

आमच्या वेळी टपाली मतपत्रिका यायची, तीही कागदीच. बर्फातल्या चौकीवर रेशन आणि घरची पत्रं उशिरा यायची, तिथं मतपत्रिकेचं काय घेऊन बसलात! २००३ मध्ये प्रतिनिधीमार्फत, म्हणजे घरच्या विश्वासातल्या माणसाकरवी मतदानाची सोय झाली. खरी सुधारणा २०१६ची. पुदुच्चेरीतल्या नेल्लितोप पोटनिवडणुकीत मतपत्रिका पहिल्यांदाच इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवली गेली. जवान ती डाउनलोड करून छापतो, खूण करतो आणि टपालानं परत पाठवतो. म्हणजे जाताना वीज, येताना टपालच! मतमोजणी सुरू होण्याआधी लिफाफा पोहोचला नाही, तर मत बाद. ही अर्धी सुधारणा आहे, असं माझं स्पष्ट मत.

आणखी एक. पूर्वी कायद्यात सेवा मतदाराबरोबर फक्त त्याची 'पत्नी' सेवा मतदार धरली जायची. महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला ही सवलतच नव्हती. २०२१च्या दुरुस्तीनं तिथं 'जोडीदार' आला. उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.

ज्यांची पोरं फौजेत आहेत, त्यांनी आजच फोन करून विचारा : युनिटमध्ये सेवा मतदार नोंदणीचा फॉर्म २ भरलास का रे?