आधी चाकाला हात लावून या

जुनी फियाट बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात: ॲव्हरेज किती देते आणि विकायची आहे का? थांबते का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. ब्रेक बिघडला तर ती उभीच राहत नाही. तरी आमच्यासारखे हौशी लोक रविवारी जमले की गप्पा कार्ब्युरेटरच्या आणि क्रोमच्या. म्हणून हा लेख चाकांच्या आसपासच फिरणार आहे.

इतिहास उरकून टाकतो. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळल्या, मग फियाट आली. १९६४च्या अकराशे डिलाइटचीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता उरल्या त्या आमच्यासारख्यांच्या पार्किंगमधल्या.

या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक. बूस्टर नाही, त्यामुळे तुमच्या पायाचा जोर हाच सगळा जोर. पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. बिघाडाला लपायला जागा फार थोड्या, पण शोधायचा क्रम चुकला की खिसा रिकामा होतो.

सुरुवात पेडलपासून. लिबलिबीत लागलं तर पाइपात हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जातं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतं, तर लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. ॲडजस्ट करून घ्या. सिग्नलला पाय ठेवून उभे असताना पेडल हळूहळू बसत चाललंय आणि बाहेर तेलाचा थेंबही नाही, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर आतल्या आत तेल सोडतायत. दाबताना पायाखाली थरथरतंय, तर ड्रमचा गोलावा गेलाय. लेथवर मारून घ्या, पण ड्रम किती वेळा मारायचा यालाही मर्यादा आहे. पातळ ड्रम लवकर तापतो.

माझा खरा जीव मात्र 'ब्रेक जाम होतो' या तक्रारीवर. पाय काढला तरी चाक धरून राहतं, उतारावर न्यूट्रलमध्येही गाडी घरंगळत नाही, जळका वास येतो. भवानी पेठेतले एक म्हातारे मिस्त्री अशी गाडी आली की पाना उचलतच नसत. म्हणत, "साहेब, पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा. ब्रेक जमेल तितका कमी मारा. मग चारही चाकांना हात लावून या, तेव्हा बोलू."

हात जपून लावायचा, आधी लांबूनच धग घ्यायची. चारही चाकं तापली असतील तर दोष चाकांपाशी नाहीच. पेडलला थोडा मोकळा प्ले हवा. तो नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि तापून फुगलेलं तेलच ब्रेक दाबून धरतं. फक्त मागची दोन तापली तर हँडब्रेकची केबल बघा, नाहीतर बॉडीपासून ॲक्सलकडे जाणारा रबरी होज, कारण दोन्ही मागच्या चाकांना तेल त्या एकाच होजमधून जातं.

आणि पुढचं एकच चाक तापलं तर? तिथे त्या मिस्त्रींची खरी कला दिसे. जॅकवर घेऊन चाक फिरवून पाहायचं, घट्ट आहे. मग त्या चाकाचा ब्लीडिंग निपल सैल करायचा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता. मोकळं झालंच नाही तर व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजलाय किंवा लायनरच्या स्प्रिंगा गेल्यात. दाब अडकलेला निघाला, तर निपल बंद करून पेडल पुन्हा दाबायचं, सोडायचं आणि आता होजच्या वरचा, लोखंडी पाइपाचा नट सैल करायचा. इथे चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. नाही सुटलं, तर गुन्हेगार होज.

असा एक होज त्यांनी माझ्यासमोर हॅकसॉने उभा चिरला. वरून काळाभोर, एक चीर नाही. आतलं रबर इतकं सुजलेलं की भोकातून स्टोव्हची पिन जाईना. पायाच्या जोराने तेल पुढे घुसतं, पण लायनर ओढणाऱ्या बिचाऱ्या स्प्रिंगांना ते परत ढकलता येत नाही. त्या गाडीचे लायनर, व्हील सिलिंडर आणि ड्रम आधीच्या गॅरेजने बदलून झाले होते. सगळ्यांत स्वस्त वस्तूला कुणी हात लावला नव्हता. ऑपेरा हाऊस, नाना पेठ, कुर्ल्याचा सीएसटी रोड असा मी पार्ट शोधत बराच भटकलोय. दुकानदार कौतुकाने जुना स्टॉक काढतो, "ओरिजिनल आहे साहेब!" होजच्या बाबतीत हा मोह टाळा. रबर ताजं हवं.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढली की लोक डावं चाक उघडतात. बहुतेक वेळा उजवं कामचुकारपणा करत असतं. सिलिंडर गळून किंवा हबच्या सीलमधून ग्रीस येऊन लायनर भिजलेला असतो. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा बसवायची पद्धत मला मान्य नाही. दोन्ही बाजूंचे लायनर जोडीनेच बदला. ड्रममधली धूळ फुंकू किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा.

दोन्ही ब्रेक सारखे धरतायत आणि तरी गाडी ओढते, तर मात्र सस्पेन्शनकडे वळा. पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर तो बेअरिंगचा. राहिला तर किंगपिन झिजलीय, आणि बहुधा तिला कित्येक वर्षांत ग्रीस मिळालेलं नाही. आडवं धरून हलवल्यावर प्ले लागला तर टाय रॉड एंड. मागे पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर सुतळीने मोजा, लगेच कळेल. बोनेटचा कोपरा दाबून गाडी किती झुलते ते पाहण्याच्या प्रसिद्ध परीक्षेवर माझा फारसा विश्वास नाही. बुश गंजून आखडले असतील तर मेलेला शॉकअपही पास होतो. शॉकअपवरचा तेलाचा ओघळ जास्त खरं सांगतो.

राहिला घाट. डॉट-३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही. हवेतली ओल पिऊन जुनं झालं की हा आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! बोरघाट उतरताना पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापलेत. पेडल एकदम तळाला गेलं तर तेल उकळलंय. दोन्ही प्रकारांत गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतो आणि मालकाला वाटतं, काही झालंच नव्हतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर रंग आणि क्रोम पुढच्या दिवाळीला करा. यंदाच्या बोनसमधून पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन होज घ्या, आणि सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरा.