मांडव वाऱ्यात टिकतो कसा?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे सर्वदूर परिचित आहे. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचा तेथील उत्सव पौषात, म्हणजे थंडीच्या दिवसांत असतो. तेव्हा वारा बहुधा बेताचाच असतो. चार बांबू रोवून वर कापड ताणले, तरी सावलीचे काम भागते. पण तसाच मांडव एप्रिल-मे महिन्यांत शिबिरासाठी किंवा लग्नासाठी घातला तर? दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर आणि संध्याकाळी वळवाचे वादळ! सावलीची गरज जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हाच वाराही सर्वांत बेभरवशाचा असतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ९ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे वादळात जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि आसऱ्याला थांबलेल्यांपैकी सात जणांचा मृत्यू झाला. म्हणून मांडव घालण्यापूर्वी वाऱ्याचे गणित समजून घेणे आवश्यक आहे.

वाऱ्याचे बळ किती?

तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, ढगांचे मनोरे उभे राहतात. त्यांतून पाऊस पडू लागला की थंड झालेली जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पावसाआधी धूळ उडवत येणारा गार वारा तो हाच. तो कोणत्याही दिशेने येऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग मीटर प्रतिसेकंदात घेतला, तर ०.६ × वेग × वेग इतके न्यूटन बळ दर चौरस मीटरवर येते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. तेव्हा दाब ६० न्यूटन, म्हणजे सुमारे ६ किलो वजनाइतका होतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाला तो दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे २४ किलो होतो.

आता ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद मांडव घ्या. छत १२ चौरस मीटर. वारा आत शिरून छत खालून ढकलतो आणि वरून वाहताना ते ओढतोही. हे बळ छताच्या आकारानुसार बदलते. पण अंदाजासाठी पूर्ण दाब धरला, तर ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात २८८ किलो बळ मांडवाला वर उचलू पाहते. बांबू आणि कापड मिळून वजन ४८ किलो असले, तर उरलेले २४० किलो कोणी पेलायचे? जमिनीने. थोडक्यात, वादळात मांडव खाली बसण्याआधी उडू पाहतो. त्याची खरी मजबुती बांबूच्या जाडीपेक्षा जमिनीवरच्या पकडीत असते.

तणावे आणि मेखा

प्रत्येक कोपऱ्याला दोन याप्रमाणे आठ तणावे दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० किलो उभे बळ येते. तणावा ४५ अंशांत तिरपा असल्याने त्यातील ताण सुमारे ४२ किलो होतो. वाऱ्याकडच्या बाजूचे तणावे जास्त ओढले जातात आणि झोतही एकसारखा नसतो. म्हणून प्रत्येक तणावा व मेख किमान १२० किलोंचा ताण सोसेल अशी असावी. सुतळी येथे उपयोगी नाही. जाड नायलॉनचा दोर घ्यावा.

मेख सुमारे ६० सेंटिमीटर खोल ठोकावी. तिचे डोके मांडवापासून बाहेर झुकलेले असावे आणि दोर अगदी जमिनीलगत बांधावा. दोर उंच बांधला की मेख तरफेसारखी हलते आणि सैल होते. मुरमाड जमीन मेख चांगली धरते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाने ती मऊ होते. अशा जागी ओंडका गाडावा. १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल खड्ड्यात ओंडका आडवा ठेवून त्याला दोर बांधावा व माती थराथराने चोपून भरावी. त्या मातीचेच वजन सुमारे ४५० किलो भरते.

सांगाडा आणि छत

चार काड्यांचा चौकोन सहज कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरपा बांबू बांधून त्रिकोण करावा. उंची डोक्यापेक्षा थोडी जास्त, सुमारे सव्वादोन मीटर पुरे. जमिनीपासून जितके वर जावे तितका वारा वाढतो. भटक्या जमातींची पाले बुटकी असतात. अरबस्तानातील बदाऊनांचे बकरीच्या केसांचे तंबूही बुटके, पसरट आणि लांब तणाव्यांचे असतात. दोन्हींमागे एकच अनुभव आहे.

छतासाठी पत्रा टाळावा. सुटलेला पत्रा पात्यासारखा घातक ठरतो. शेतीची शेडनेट उत्तम, कारण तिच्या छिद्रांतून काही वारा निघून जातो. कापड वापरायचे तर ते घट्ट ताणावे. फडफडणाऱ्या कापडाने गाठी सैल होतात. कापडाला भोक पाडू नये. कोपऱ्यात गुळगुळीत गोटा गुंडाळून त्याच्या मुळाशी दोर आवळावा. छताच्या गाठी मात्र एक टोक ओढताच सुटणाऱ्या असाव्यात. आभाळ भरून येताच, वारा सुटण्यापूर्वी, छत उतरवता आले पाहिजे.

वर्गात करून पाहा

एका कुंडीत कोरडी आणि दुसरीत ओली काळी माती चोपून भरा. दोन्हींत सारख्या लांबीचे खिळे सारखेच खोल रोवा. ताणकाट्याला दोरा बांधून खिळा तिरपा ओढा आणि तो उपटताना काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. मग खिळ्याचा कल बदला, दोरा वरच्या टोकाला बांधून पाहा. खराट्याच्या काड्या आणि रुमाल यांचा छोटा मांडव पंख्यासमोर ठेवून तणाव्यांसह व तणाव्यांशिवाय काय घडते, याचीही नोंद करा. निष्कर्ष विद्यार्थ्यांनाच काढू द्या.

शिबिराच्या जागी

मांडव मोठ्या झाडाच्या उंचीइतका तरी त्यापासून दूर असावा. वर विजेच्या तारा नसाव्यात. वाऱ्याचा अंदाज साध्या खुणांवरूनही येतो: झाडांच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या, छत्री सांभाळणे कठीण झाले, की वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पोहोचलेला असतो. तेथवर थांबूच नये. ढग गडगडू लागताच मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे. कितीही मजबूत बांधला तरी मांडव उन्हासाठी असतो. वादळात आणि विजांत तो आसरा नव्हे. मांडव उडाला तर पुन्हा घालता येतो, हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावे.