घर कुणाच्या मापाचे?
जर्मन गृहसजावटीच्या दोनशे वर्षांचा आढावा

पुण्या-मुंबईत नवा फ्लॅट घेतला की पहिला मोठा खर्च होतो तो स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांवर. सुतार किंवा डेकोरेटर विचारतो, ‘हार्डवेअर कुठलं टाकायचं? हेटिच की हाफेले?’ दोन्ही नावे जर्मन. पहिल्या कंपनीचे मुख्यालय वेस्टफालियातल्या किर्खलेंगर्न या गावात, दुसरीचे ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला नागोल्ड या छोट्या शहरात. आवाज न करता मिटणारी बिजागरे आणि भरल्या डब्यांसकट अलगद सरकणारे ड्रॉवर आपण तिकडून उचलले. पण तो ड्रॉवर कुणाच्या हातासाठी, किती उंचीवर, शेगडीपासून किती पावलांवर हवा, हा प्रश्न काही आपण उचलला नाही. जर्मनीत गेल्या दोनशे वर्षांत घर सजवण्याच्या ज्या ज्या तऱ्हा आल्या, त्या सगळ्यांत मला हा प्रश्नच सर्वांत मोलाचा वाटतो. तो तिथे एकदम उगवला नाही. त्याला बराच काळ लागला.

नेपोलियनची युद्धे १८१५ मध्ये संपली आणि पाठोपाठ ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्या राजवटीची सेन्सॉरशिप आली. उघड राजकारण करणे धोक्याचे झाले, तेव्हा शहरी मध्यमवर्ग घरात रमला. १८४८ च्या क्रांतीपर्यंतचा हा काळ बीडरमायर म्हणून ओळखला जातो. चेरी, अक्रोड, बर्च अशी उजळ लाकडे, सरळ रेषा, कोरीवकाम जवळजवळ नाहीच. सोफ्यापुढे एक गोल टेबल आणि त्याभोवती सारे कुटुंब. खिडकीशी शिवणकामाचे छोटे मेज, भिंतीशी झाकण पाडून लिहिता येईल असे कपाट. दिमाखापेक्षा वापराला मान देणारी ही खोली आजही प्रसन्न वाटते. बसणे, वाचणे, शिवणे, पत्र लिहिणे या प्रत्येक कामाला तिने एकेक जागा नेमून दिली होती.

१८७१ मध्ये जर्मनी एक झाली, फ्रान्सकडून युद्धखंडणीचा पैसा आला, कारखाने वाढले आणि नव्या श्रीमंतांना जुन्या सरदारांसारखे दिसायची हौस वाटू लागली. काळपट ओक, मखमल, जाड पडदे, यंत्रावर कापून चिकटवलेली नक्षी. घरातली सर्वांत चांगली खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवायची आणि एरवी तिथे शेगडीसुद्धा पेटवायची नाही, अशी पद्धत पडली. आपल्याकडे शोकेसमधला काचेचा सेट जसा वर्षानुवर्षे पाहुण्यांची वाट बघतो, तशी ती अख्खी खोली वाट बघत असे. त्याच काळात बर्लिनच्या भाड्याच्या इमारतींत, एकामागे एक असलेल्या अंधाऱ्या चौकांभोवती, कामगारांची कुटुंबे एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहत होती. भाडे निघावे म्हणून रिकामा बिछाना काही तासांपुरता परक्या कामगाराला दिला जाई. गिरणगावातल्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणाऱ्यांची हकिकत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या दोन टोकांमधली दरी काही लोकांना सलू लागली. १९०१ मध्ये डार्मश्टाटच्या माथिल्डेनहोहे टेकडीवर कलावंतांनी स्वतःची घरे बांधून वेलबुट्टीची नवी शैली मांडली. ती देखणी होती, पण पैसेवाल्यांचीच. पुढची खरी पायरी मला डिझायनर रिचर्ड रीमरश्मिड यांच्या कामात दिसते. १९०६ च्या ड्रेस्डेन प्रदर्शनात त्यांनी यंत्राने बनवलेले, साधे आणि बेताच्या किमतीचे फर्निचर मांडले. पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये कलाकार आणि कारखानदारांची ‘वेर्कबुंड’ ही संघटना उभी राहिली, आणि १९०९ पासून ड्रेस्डेनजवळ हेलेराउ येथे फर्निचरच्या कारखान्याभोवती बागांचे उपनगर वसू लागले. चांगली खुर्ची मजुराच्याही घरात हवी, हा विचार इथे कारखान्यापर्यंत पोहोचला.

पहिल्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती. फ्रँकफर्ट महापालिकेने १९२५ मध्ये अर्न्स्ट माय यांना नगररचनेची सूत्रे दिली आणि पाच वर्षांत बारा हजारांच्या आसपास घरे उभी राहिली. घरे लहान होती, म्हणून आतला एकेक हात महत्त्वाचा. माय यांनी व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्झकी या तरुण वास्तुशिल्पी बाईंना बोलावून घेतले. लग्नानंतर त्या शुट्टे-लिहोत्झकी झाल्या. त्यांनी १९२६ मध्ये आखलेले स्वयंपाकघर ‘फ्रँकफर्ट किचन’ म्हणून जगभर गेले आणि सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले.

ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या भोजनडब्यातली चिंचोळी मुदपाकखोली लिहोत्झकींच्या डोळ्यांसमोर होती. एवढ्याशा जागेत आचारी शेकडो माणसांना जेवू घालतो, मग घरच्या बाईने दिवसभर येरझारा का घालाव्यात? त्यांनी हातात घड्याळ धरून कामे मोजली. खिडकीखाली कापण्या-चिरण्याचा ओटा आणि बसून काम करता यावे म्हणून खालीवर होणारे फिरते स्टूल. ओट्यातच एक खाच, साली सरळ खालच्या ड्रॉवरमध्ये पडाव्यात म्हणून. भिंतीशी अॅल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकाला मूठ आणि पुढे चोच, म्हणजे साखर किंवा तांदूळ खण काढून थेट पातेल्यात ओतता येतात. पिठाचा खण मात्र ओकचा, कारण ओकच्या लाकडाने पिठाला अळी लागत नाही अशी समजूत होती. भिंतीवर दुमडून ठेवायची इस्त्रीची फळी, छताला रुळावर सरकणारा दिवा. कपाटे निळसर हिरव्या रंगाची, त्या रंगावर माश्या बसत नाहीत असे मानले जाई म्हणून. जेवणाच्या खोलीकडे सरकता दरवाजा, तो उघडा ठेवला की काम करता करता पलीकडच्या मुलांवर लक्ष राहते.

हे सारे पाहताना मन भरून येते. घरकामाला श्रम मानून, त्या श्रमाचा शीण कमी करण्यासाठी इतक्या बारकाईने कुणीतरी डोके चालवले होते. लिहोत्झकी पुढे हिटलरविरोधी चळवळीत सामील झाल्या, १९४१ मध्ये पकडल्या गेल्या आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिल्या. १८९७ मध्ये जन्मलेल्या या बाई २००० सालच्या जानेवारीत गेल्या, एकशेतीन वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस उरले असताना.

या स्वयंपाकघराचे दोषही मांडायला हवेत. ते एकाच माणसाचे आहे. दुसऱ्याला आत उभे राहायला जागा नाही, मुलाला हाताशी घेऊन काही शिकवायची सोय नाही. करंज्या लाटायला चार जणींनी गोल करून बसावे, असे तिथे होणारच नाही. पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी हेच म्हटले, की वेळ वाचला, पण बाई त्या खोलीत एकटी पडली. मला हा आक्षेप रास्त वाटतो. तरीही मोजून, पाहून, काम करणाऱ्याच्या बाजूने विचार करण्याची जी रीत तिथे पडली, तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

बाउहाउसबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये वायमारला सुरू केलेली ही शाळा १९२५ मध्ये डेसाउला गेली आणि १९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींच्या दबावाखाली बंद पडली. सायकलच्या हँडलवरून मार्सेल ब्रॉयर यांना सुचलेली वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची, गुंटा श्ट्योल्त्सल आणि आनी आल्बर्स यांच्या मागावरची कापडे, हे सगळे आज संग्रहालयांत आहे. पण त्या काळी नळीची खुर्ची कामगाराला परवडत नव्हती. त्याच्या घरात खरोखर पोहोचला तो बाउहाउसचा भिंतीचा कागद. राश या कंपनीने १९३० च्या सुमारास बाजारात आणलेला, बारीक पोताचा आणि स्वस्त. शाळेचा सर्वांत खपलेला माल तोच. आज आपल्याकडे ‘बाउहाउस लूक’ या नावाखाली महागडा सोफा विकला जातो, तेव्हा ही गोष्ट दुकानदाराला सांगावीशी वाटते.

दुसऱ्या महायुद्धात शहरे बेचिराख झाली. पन्नासच्या दशकात पश्चिम जर्मनीत मूत्रपिंडाच्या आकाराची तिपाई आणि निमुळत्या पायांच्या खुर्च्या घरोघर आल्या. जुने ओझे टाकून द्यायची लोकांना घाई झाली होती. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, उल्म येथे नवी डिझाइन शाळा सुरू झाली. नाझींनी मारलेल्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांच्या स्मृतीशी ती जोडलेली होती. सोफीची बहीण इंगे ही तिच्या संस्थापकांपैकी एक. इथले एक स्टूल मला फार आवडते. तीन फळ्या, तळाशी एक गोल दांडा, बस. त्यावर बसता येते, आडवे ठेवून उंची बदलता येते, उलटे करून दांड्याला धरून पुस्तके नेता येतात, दोन स्टुले एकावर एक ठेवली की फडताळ होते. पैसे नसलेल्या शाळेला विद्यार्थ्यांसाठी बसायची सोय हवी होती, त्यातून १९५४ मध्ये ते जन्मले.

उल्मशी महाराष्ट्राचे थेट नाते आहे. मुंबईच्या जे. जे.मधून पुढे आलेले सुधाकर नाडकर्णी तिथे शिकले. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र, म्हणजे आयडीसी, सुरू झाले, त्याच्या उभारणीत नाडकर्णींचा वाटा मोठा. वस्तू घडवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला पाहा, ही शिस्त तिथल्या विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांपर्यंत गेली. नाडकर्णींचे नाव घरसजावट करणाऱ्या किती मराठी कुटुंबांना ठाऊक आहे? ते ठाऊक असायला हवे.

पूर्व जर्मनीत वाट वेगळी होती. हेलेराउच्या कारखान्यातून १९६७ पासून सुट्या फळ्यांच्या जोडणीचे फर्निचर निघू लागले. खोलीप्रमाणे, ऐपतीप्रमाणे एकेक भाग घेत जायचा आणि भिंत भरायची. सत्तरच्या दशकात तयार काँक्रीटच्या पॅनेलांचे ठरावीक मापाचे ब्लॉक देशभर उभे राहिले, तेव्हा अशा फर्निचरची गरज आणखीच वाढली. पश्चिमेत १९७४ मध्ये म्युनिकजवळ एखिंगला स्वीडनच्या आयकियाचे दुकान उघडले आणि पाहता पाहता जर्मनी ही त्या कंपनीची सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. फर्निचर स्वतः जोडायची तयारी लोकांत आधीपासूनच होती.

आजच्या जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात. युरोपीय संघात हे प्रमाण सर्वाधिक आहे. पुण्याहून नोकरीसाठी फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा स्टुटगार्टला गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिला धक्का इथेच बसतो. भाड्याचे घर बहुधा पांढऱ्या भिंतींचे आणि पुरते रिकामे. छतातून नुसत्या वायरी लोंबतात, आणि अनेक घरांत स्वयंपाकघराच्या जागी पाण्याच्या दोन तोट्यांखेरीज काही नसते. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटे, सिंक सगळे उचलून घेऊन गेलेला असतो, किंवा पैसे देऊन ते त्याच्याकडून घ्यावे लागते. सोडताना भिंतीची भोके बुजवायची आणि करारात असेल तर रंगही द्यायचा. फळी ठोकायला रविवार निवडला तर शेजारी दार वाजवतात, कारण त्या दिवशी आवाज वर्ज्य.

या रिकामेपणामुळेच मराठी घरांना काही चांगले निर्णय घ्यावे लागतात. फोडणीचा वास हा त्यातला पहिला. अनेक इमारतींत चिमणी बाहेर काढायची परवानगी नसते. कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून पुन्हा घरातच सोडणारी चिमणी लावावी लागते, आणि मोहरी-हिंगापुढे ती अपुरी पडते. जाहिरातीतले हॉलला जोडलेले उघडे स्वयंपाकघर त्यामुळे आपल्या कामाचे नाही. दार असलेली खोली मिळाली तर ती घ्यावी. देवघराचा प्रश्नही असाच. झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धूरसूचक यंत्र कायद्याने सक्तीचे आहे, म्हणून उदबत्ती-धूप तिथून दूर, खिडकीजवळ. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवायचे नाही, पाच-दहा सेंटिमीटर जागा सोडायची. हिवाळ्यात थंड भिंतीवर दमट हवा साचली की मागे काळी बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोन-चार वेळा खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलायची. नव्या आलेल्यांना ही गोष्ट कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगितली पाहिजे.

पलंगाची मापेही वेगळी, बऱ्याच घरांत एकाच पलंगावर दोन गाद्या आणि दोन पांघरुणे. घरून नेलेली सोलापुरी चादर मग सोफ्यावर पसरली जाते आणि तिथे फार शोभते. बाकी सामान जुन्या बाजारातून किंवा कुणीतरी देऊन टाकलेले आणायला जर्मन माणसाला संकोच नाही. तो आपल्यालाही नसावा. चांगल्या ओकचे जुने टेबल नव्या प्लायवूडच्या टेबलापेक्षा कितीतरी वर्षे जास्त टिकते.

शैली कुठलीही निवडा, पण स्वयंपाकाच्या ओट्याची उंची तेवढी सुताराच्या सवयीवर सोडू नका. रोज तिथे जो सर्वांत जास्त वेळ उभा राहतो किंवा राहते, त्या माणसाला उभे करा, कोपर दुमडायला सांगा, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरा आणि त्यातून दहा ते पंधरा सेंटिमीटर वजा करा. जर्मनीत स्वयंपाकघर आखताना हाच आडाखा वापरतात. यंदा घराचे काम काढणार असाल, तर ट्रॉल्यांचा रंग ठरवण्याआधी हे माप घ्या.