आधी उपचार, मग कागद
बलात्कार झालेली स्त्री रुग्णालयात आली की 'आधी पोलिसांचं पत्र आणा' असं सांगून तिला परत पाठवता येत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तातडीने मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं, ही तरतूद २०१३च्या कायदादुरुस्तीने आली. उपचार नाकारणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. अशा पीडितांना मदत करणारी महाराष्ट्राची मनोधैर्य योजनाही २०१३चीच. या योजनेचं अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं. पण वेळ निघून गेल्यावर आलेली मदत काय कामाची? तालुक्याच्या रुग्णालयात प्रशिक्षित समुपदेशक आणि मदत देण्याची पक्की मुदत, एवढं सरकारने करायलाच हवं. महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकीला सांगून ठेवा.