ऑस्लोचे वार्तापत्र : आधी आराखडा, मग मैदान

नॉर्वेत नगरपालिकेला मैदान, पोहण्याचा तलाव किंवा खेळाचे सभागृह बांधायचे असेल, तर सरकारी अनुदानासाठी पहिली अट असते लेखी आराखड्याची. हे अनुदान 'नॉर्स्क टिपिंग' या सरकारी लॉटरी कंपनीच्या नफ्यातून येते; त्यातला ६४ टक्के वाटा खेळांचा. गावात काय आहे, कोणत्या वस्तीला काय नाही, कोणते काम आधी घ्यायचे, हे पालिकेने ठरवून मंजूर केलेले असावे लागते. साधारणपणे खर्चाच्या एक तृतीयांशापर्यंत रक्कम मिळते आणि बांधलेली जागा ३० वर्षे खेळासाठी खुली ठेवण्याची हमी द्यावी लागते. म्हणून देखभालीचा हिशेब पायाभरणीआधीच मांडला जातो.

गडचिरोलीच्या वाचकाने ऑस्लोकडे खास लक्ष द्यावे, ते जंगलामुळे. शहराच्या हद्दीचा सुमारे दोन तृतीयांश भाग 'मार्का' नावाच्या रानात मोडतो. २००९ च्या मार्का कायद्याने तिथे बांधकामाला बंदी घातली, पण पायवाटा, स्कीच्या वाटा आणि कायद्याच्या हेतूत बसणारी क्रीडास्थळे यांना वाव ठेवला. त्यासाठी पालिकेची योजना मंत्रालयाकडून मंजूर व्हावी लागते. मेट्रो थेट रानाच्या तोंडाशी, फ्रोग्नरसेटेरनला नेऊन सोडते. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, तेव्हा झाडांमधून दिव्यांच्या खांबांची रांग वळत जाते. यंत्राने बर्फात पाडलेल्या दोन समांतर चरांतून शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे सारख्याच सवयीने स्की करत जातात. तिकीट नाही, फाटक नाही. रानात पायी फिरण्याचा हक्क १९५७ च्या कायद्यानेच सर्वांना दिलेला आहे.

महाराष्ट्रात हिशेब तालुक्यावर बसतो. क्रीडा संकुलांची योजना २००३ पासून विभाग, जिल्हा आणि तालुका या पायऱ्यांनी चालते. २०२२ मध्ये तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी झाली. त्यातून चांगली कामेही उभी राहिली. बल्लारपूरजवळ विसापूरच्या संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. पण गडचिरोलीतल्या आटोपशीर देसाईगंज आणि रानात विखुरलेल्या भामरागड या तालुक्यांना एकच माप लावणे न्यायाचे नाही. भामरागडच्या दूरच्या पाड्यावरच्या मुलीला तालुक्याचे संकुल जवळजवळ नसल्यासारखेच.

शहरांत विकास आराखड्यात मैदानाचे आरक्षण टाकता येते. गडचिरोलीच्या बहुतेक गावांना असा आराखडाच नाही. तिथे खेळ धानाच्या कापणीनंतर रिकाम्या बांधीत उतरतो: धसकटे काढायची, ढेकळे फोडायची, चुन्याच्या रेघा ओढायच्या की कबड्डीचे मैदान तयार. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, हा झाडीपट्टीचा करमणुकीचा हंगामही याच मोकळ्या जमिनीवर चालतो. रोवणी आली की मैदान संपले.

कायम मैदान हवे, तर अडचण जमिनीची येते. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. त्या यादीत खेळाचे मैदान नाही. स्वतंत्र मैदानासाठी १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीचा लांबचा रस्ता धरावा लागतो. यादीत चौदावी सोय म्हणून मैदान घालणे, हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय आहे. त्यासाठी संसदेने कायद्यात दुरुस्ती करायला हवी.