जुन्या मोटारीला दुसरे इंजिन घेताना

इंजिन म्हणजे काय, हे आपल्या कोल्हापूर भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पंचगंगेच्या किंवा भोगावतीच्या काठाने ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत पाणी उपसणाऱ्या ऑईल इंजिनाचा ठोका अजून आहे. पलीकडे किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. इकडे खुद्द कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींचे नाव यंत्राची आवड असणारी माणसे आजही आदराने घेतात, आणि शिवाजी उद्यमनगरातून चालत गेलात तर लेथचा आवाज दुकानागणिक ऐकू येतो. अशा गावात राहून, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून, इंजिनाच्या खरेदीत मी साफ फसलो. तीच हकीकत आज सांगणार आहे, कारण ती सांगता सांगता एका निराळ्या जातीच्या इंजिनाची ओळख होईल.

माझ्या मामांकडे १९६२ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. कासवाच्या पाठीसारखी गोल मोटार, इंजिन मागे, सामान ठेवायची जागा पुढे. हिच्या इंजिनाला ‘बॉक्सर’ म्हणतात. ट्रॅक्टरमध्ये किंवा जीपमध्ये सिलिंडर एका ओळीत उभे असतात. इथे ते आडवे झोपलेले असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. मधून क्रँक जातो.

आता समोरासमोरचे दोन पिस्टन कसे हलतात ते नीट पाहा, कारण इथे चांगले जाणते लोकही चुकतात. दोन सुतार मोठी करवत ओढतात तेव्हा एकाने ओढली की दुसरा सैल सोडतो. दोघांचे हात एकाच दिशेने जातात. बॉक्सरमध्ये असे होत नाही. तालमीत दोन पैलवान सलामीला एकमेकांकडे येतात आणि लगेच दोघेही मागे सरतात, तसे हे पिस्टन एकाच वेळी आत येतात आणि एकाच वेळी बाहेर जातात. एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्याने पुष्कळसा मोडला जातो, म्हणून इंजिन कमी थरथरते. ही कल्पना कार्ल बेंझ यांची, १८९६ सालची. बीटलचे इंजिन फ्रान्झ राइमश्पीस या अभियंत्याने आखले. ते वाऱ्याने थंड होते. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही. तेल अवघे अडीच लिटर, आणि तेही गाळायला साधी जाळी! शेवटची बीटल मेक्सिकोतील पुएब्ला येथे जुलै २००३ मध्ये तयार झाली, तोवर जगात दोन कोटींहून अधिक गाड्या झाल्या होत्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात.

तर तीन वर्षांपूर्वी मामांच्या गाडीतून एकदम खडखडाट झाला आणि इंजिन थांबले. पाहिले तर तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह तुटून आत पडला होता, पिस्टनला भोक पडले होते. हे तिसरे सिलिंडर या इंजिनाचे दुखरे अंग आहे. जुन्या रचनेत तेल थंड करायची जाळी पंख्याच्या पत्र्यात, नेमकी त्याच्या वाऱ्याच्या वाटेत उभी असते. म्हणून ते इतरांपेक्षा जास्त तापते. १९७१ च्या मॉडेलपासून मोठ्या इंजिनांत ही जाळी बाजूला घेतली गेली.

“इंजिन खलास झालं,” असे आम्ही सर्वांनीच ठरवून टाकले. पहिली चूक ही. पण ती तेव्हा कळली नाही.

एका व्यापाऱ्याकडे वापरलेले बॉक्सर इंजिन असल्याचे समजले. त्याचे नाव गाव मी सांगत नाही. इंजिन फळ्यांवर ठेवलेले, धुऊन पुसून चांदीसारखा रंग दिलेला. त्याने बॅटरी लावून ते सुरू करून दाखवले. शिलाईच्या मशीनसारखे चालले. “सर, आवाज ऐका की! अजून पन्नास हजार किलोमीटरला मरण न्हाई ह्याला.” मी आवाज ऐकला आणि ६०,००० रुपये मोजले. तो आमचे जुने इंजिन वजनावर घ्यायला तयार होता. मामी म्हणाल्या, “राहू दे गोठ्यात, खायला मागत नाही ते.” मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला.

वडगावच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो? झूल पाहत नाही. दात बघतो, चालवून बघतो, खांद्यावरून हात फिरवतो. मी झूल पाहून आलो होतो.

दोन आठवड्यांनी आम्ही पन्हाळ्याला निघालो. वाघबिळापासून चढ लागला, क्लच वरचेवर दाबावा लागला, आणि मागून ठक् ठक् सुरू झाले. गंमत अशी की क्लच दाबला की आवाज बदलायचा, सोडला की पुन्हा पहिल्यासारखा. गाडी दोरीने बांधून खाली आणली. उद्यमनगरातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी इंजिन सुरूही केले नाही. मागच्या पुलीला दोन्ही हातांनी धरले, आपल्याकडे ओढले, पुन्हा आत ढकलले. आतून स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आला. “सर, ह्यो क्रँक पुढंमागं सरकतोय. इंजिन घेताना एवढं तरी बघायचं.”

या सरकण्याला मर्यादा असते. नव्या इंजिनात ती ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर, आणि ०.१५ च्या पुढे गेली की काम काढावे असे पुस्तक सांगते. शिक्षक मित्रांनी वर्गातल्या वहीचा एक कागद हातात घ्यावा. त्याची जाडी साधारण तेवढीच, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, असते. म्हणजे चांगल्या इंजिनात क्रँक एका कागदाइतका हलणार, हाताला जेमतेम जाणवेल न जाणवेल. आमच्या नव्या इंजिनाला मापक लावला तेव्हा काटा ०.६ वर थांबला. सहा कागद! आपण क्लच दाबतो तेव्हा क्रँक लांबीच्या दिशेने ढकलला जातो, आणि तो जोर फ्लायव्हीलकडचे बेअरिंग झेलते. ते बेअरिंग केसमध्ये सैल झाले की प्रत्येक क्लचला केस आणखी कुटली जाते. फळीवर ठेवलेल्या इंजिनाला क्लच कोण दाबणार? म्हणून ते तिथे गोड चालत होते.

बॉक्सर घेताना समजून घ्यायचे ते इथेच आहे. या इंजिनात सिलिंडर केसपासून वेगळे असतात. ऊस मुळापासून उपटावा तसे एकेक उपटून काढता येतात, आणि पिस्टनसह नवा जोड बसवता येतो. बोअरिंगसुद्धा करावे लागत नाही. त्यामुळे पिस्टन फुटलेले, धूर ओकणारे इंजिन पुष्कळदा दुरुस्त होते. परंतु केस गेली की सारे गेले. ती दोन अर्ध्या भागांची असते, दोन्ही भाग एकत्र जोडून एकदमच आतून कातलेले असतात, म्हणून एका इंजिनाचा डावा भाग आणि दुसऱ्याचा उजवा असा संसार जमत नाही. तेव्हा पैसे मोजायचे ते केसचे आणि क्रँकचे. पुली ओढून पाहा. फ्लायव्हीलच्या मागे आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बुडाशी तडा शोधा, तोही रंग खरवडून. सिलिंडर आवळणारे बोल्ट केसमधून आटे घेऊन उपटले आहेत का ते पाहा. चारही सिलिंडरचा दाब मोजायला सांगा. आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. उभ्या इंजिनात दाब कमी आला तर वरून थोडे तेल सोडून परत मोजतात, पण आडव्या सिलिंडरात ते तेल खालच्या अंगालाच साचते, त्यामुळे त्या परीक्षेवर फार विसंबू नका. बरेच दिवस उभे असलेले बॉक्सर सुरू होताना थोडा धूर सोडते, तेही याच कारणाने. तेवढ्यावरून चांगले इंजिन नाकारू नये.

एक मोठी भानगड पत्र्यांची. इंजिनाभोवतीचे काळे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी पाहून आपल्याकडच्या मिस्त्र्यांना वाटते, ही उगाच अडगळ. विकणारा ती काढून ठेवतो, घेणाराही मागत नाही. पण वाऱ्यावर थंड होणाऱ्या यंत्रात तो पत्रा म्हणजेच पाट आहे. पाट फुटला तर शेवटच्या सरीला पाणी पोचेल का? सगळे पत्रे मिळाल्याशिवाय सौदा करू नये.

आमचे दुसरे दुखणे निराळेच होते. मामांची गाडी सहा व्होल्टची, तिच्या फ्लायव्हीलला १०९ दाते. आणलेले इंजिन बारा व्होल्टच्या पुढच्या गाडीचे, त्याला १३० दाते आणि चाक मोठे. “सगळी एकच असत्यात,” या व्यापाऱ्याच्या शब्दावर बसवणाऱ्याने गिअरबॉक्सचे तोंड आतून घासून जागा केली होती, आम्हाला न सांगता. इंजिन घेण्याआधी आपल्या गाडीचे दाते मोजा.

आता जरा सावधगिरीचे. सैल झालेली, तडा गेलेली केस पाहिली की आपल्याकडे लगेच वेल्डिंगची गोष्ट निघते. बिडाची सवय असलेल्या हातांना ही केस ॲल्युमिनियमची वाटते. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. बिडाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सात ग्रॅमच्या वर, ॲल्युमिनियमचे २.७, मॅग्नेशियमचे १.७४, वजन वाचवण्यासाठी ही निवड. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत पेटवून दाखवतात ती आठवा. डोळे दिपवणारा तो पांढरा उजेड! अखंड केस सहजासहजी पेटत नाही, परंतु तिचा कातलेला बारीक कीस पेटतो, आणि त्यावर पाणी ओतले तर हायड्रोजन वायू सुटून आग भडकते. कोरडी वाळू हाताशी ठेवावी आणि हे काम त्यातल्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. याच कारणाने पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलून टाका. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर आले. ते आपल्याच उसाचे असले तरी साठ वर्षांपूर्वीच्या रबराला मानवत नाही, आणि बीटलमध्ये पेट्रोल गळते ते थेट तापलेल्या इंजिनावर.

कायद्याची बाजू थोडक्यात. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो; बीटलमध्ये तो डायनॅमोच्या बैठकीखाली केसवर ठोकलेला सापडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, आणि ती न घेता बदलले असेल तर चौदा दिवसांत कळवावे लागते. मी कळवले नव्हते. घाटात अपघात झाला असता तर विमा कंपनीने पहिला बोट तिथेच ठेवले असते. घासलेल्या क्रमांकाचे इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये. तो चोरीचा माल असू शकतो. पावतीवर विकणाऱ्याचे नाव, तारीख आणि क्रमांक लिहून घ्या. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली आहे, आणि मूळ रूपात इंजिनही धरले जाते. जुने इंजिन भंगारात गेले की ही वाट बिकट होते.

आमचे गोठ्यात होते. त्या वृद्ध मिस्त्रींनी ते मागवून घेतले, कडब्याचा कचरा झाडला आणि तीच परीक्षा केली. पुली ओढली, ढकलली. आवाज नाही. केस उघडली, क्रँक मोजला, दोन्ही ठीक. पिस्टन–सिलिंडरांचा नवा जोड, एक हेड, बेअरिंगे, रबरी नळ्या एवढ्यावर ते उभे राहिले, आणि त्याचा खर्च मी व्यापाऱ्याला दिलेल्या रकमेपेक्षा कमी आला. गिअरबॉक्सच्या घासलेल्या तोंडाला काही करता आले नाही, ते तसेच आहे. विकत आणलेल्या इंजिनातले कार्बुरेटर आणि पंखा कामाला आले. उरलेली केस मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठेवली आहे. विद्यार्थी क्रँक हाताने ओढून तो ‘टक्’ ऐकतात.

मामी मात्र अजून अधूनमधून विचारतात, “गोठ्यातली ती रिकामी जागा कधी भरणार?”