रवानगी आणि परतीचा हुकूम : चेल्सीची चौदा वर्षे

2011 च्या उन्हाळ्यात बेल्जियममधील गेंक या क्लबाकडून थिबो कोर्टुआ नावाचा एकोणीस वर्षांचा गोलरक्षक चेल्सीने विकत घेतला आणि लंडनमध्ये त्याला एकही सामना खेळू न देता त्याची रवानगी तडक माद्रिदच्या अ‍ॅटलेटिकोकडे केली. 2025 च्या जुलैमध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे हाच चेल्सी क्लब विश्वविजेता म्हणून मिरविला. या दोन घटनांमध्ये जी चौदा वर्षे गेली त्यांत विशी-बाविशीतले असंख्य खेळाडू चेल्सीने लोनवर, म्हणजे उसने, परगावी आणि परदेशी पाठविले. त्यांना कोठे व का पाठविले याविषयी पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु वर्ष-दोन वर्षे दुसऱ्याच्या मैदानावर मन लावून खेळून, तेथील प्रेक्षकांचे प्रेम संपादून जो मुलगा मूळच्या घरी परत रुजू झाला, त्याचे पुढे काय झाले, या प्रश्नाकडे मात्र तितक्या आस्थेने कोणी पाहिले असे मला वाटत नाही.

रोमान अब्रामोविच यांनी 2003 साली क्लब खरेदी केल्यापासून तेथे विजय हा वर्षाचा नव्हे तर आठवड्याचा हिशेब झाला होता. ज्या प्रशिक्षकाला डिसेंबरात चार सामने हरल्यास बडतर्फीची भीती, तो एकोणीस वर्षांच्या मुलाच्या चुका कशा आणि किती दिवस पोटात घालणार? त्यामुळे कॉबहॅम येथील प्रशिक्षणकेंद्रात मुले उत्तम तयार होत, 2014 ते 2018 अशी सलग पाच वर्षे त्यांनी इंग्लंडचा युवा एफए चषक जिंकून दाखविला, आणि तरीही पहिल्या संघाची कवाडे त्यांच्यापुरती बंदच राहत. यातून जी व्यवस्था उभी राहिली तिचे सूत्रधार क्लबाचे तांत्रिक संचालक मायकेल एमेनालो हे होते, आणि तिचा व्याप पुढे इतका वाढला की एकेका हंगामात चाळीसच्या आसपास खेळाडू क्लबाबाहेर तैनातीवर असत. हॉलंडमधील आर्नहेम शहराचा व्हितेस हा क्लब तर त्यांचा नेहमीचा मुक्काम होऊन बसला. 1997 च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीसाठी गोल करणारे एडी न्यूटन गावोगाव हिंडून या मुलांचे खेळ पाहत, त्यांच्याशी बोलत. मुलाची मालकी मूळ क्लबाकडे, पगाराचा भार बहुधा दोघांकडे वाटलेला, प्रीमियर लीगमध्ये मूळ क्लबाविरुद्ध त्याने खेळावयाचे नाही, आणि काही करारांत जानेवारीत परत बोलाविण्याची मुभा, असा हा एकूण कारभार होता.

कोर्टुआचे उदाहरण या व्यवस्थेचे समर्थक नेहमी पुढे करतात, आणि ते योग्यच आहे. तीन हंगाम तो एकाच संघाच्या गोलात उभा राहिला. युरोपा लीग, स्पेनचा राजचषक आणि 2014 चे स्पेनचे लीगविजेतेपद अशी चढती भाजणी त्याने पाहिली. आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत त्याची गाठ प्रत्यक्ष चेल्सीशीच पडली. त्याला चेल्सीविरुद्ध उतरवावयाचे तर अ‍ॅटलेटिकोने मोठी रक्कम मोजावी, असे कलम करारनाम्यात होते. युएफाने ते रद्दबातल ठरविले, कोर्टुआ खेळला, आणि स्टॅम्फर्ड ब्रिज या घरच्या मैदानावर चेल्सी 3-1 अशी पराभूत झाली. त्या उन्हाळ्यात तो परतला तेव्हा त्याच्या जागी पेत्र चेक उभा होता, म्हणजे ज्याने 2012 साली म्युनिकच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवून क्लबाला युरोपचा मुकुट मिळवून दिला तो गोलरक्षक. तरीही प्रशिक्षक होजे मोरिन्यो यांनी कौल कोर्टुआच्या बाजूने दिला आणि वर्षभराने चेक आर्सेनलला गेला. गोलरक्षकाची जागा एकच असते. तेथे निर्णय एकदाच करावा लागतो, आणि एकदा केला की तो सहसा फिरवीत नाहीत. कोर्टुआला ते लाभले. मैदानाच्या मध्यावर किंवा अग्रभागी खेळणाऱ्यांच्या नशिबी असा निःसंदिग्ध निर्णय क्वचितच आला.

केव्हिन डी ब्रुयने 2013 च्या उन्हाळ्यात वेर्डर ब्रेमेनकडून परतला तो जर्मन लीगमध्ये दहा गोल करून. हंगामाच्या पहिल्या काही दिवसांत त्याला संधी मिळाली, मग तो राखीव बाकावर बसला, आणि जानेवारी उजाडते न उजाडते तोच त्याला वोल्फ्सबुर्गला विकण्यात आले. 2015 साली तो जर्मनीतील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. त्याच वेळी रोमेलू लुकाकू वेस्ट ब्रॉमविचकडून लीगमधील सतरा गोलांची शिदोरी घेऊन आला होता. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षकपदावरील कारकीर्दीतील अखेरच्या, 5-5 अशा बरोबरीत सुटलेल्या सामन्यात मध्यंतरानंतर येऊन त्याने तीन गोल केले होते. ऑगस्टच्या अखेरीस प्राग येथे बायर्न म्युनिकविरुद्ध युरोपियन सुपर चषकाचा निकाल पेनल्टींवर गेला, अखेरची पेनल्टी वीस वर्षांच्या लुकाकूच्या वाट्याला आली, बायर्नचा गोलरक्षक नॉयर याने ती अडविली, आणि काही दिवसांतच लुकाकू एव्हर्टनला रवाना झाला. एका पेनल्टीमुळे तो गेला असे मी म्हणत नाही. परंतु परत आलेल्या मुलाची पहिली चूक आणि विकत आणलेल्या प्रस्थापिताची पहिली चूक एका तराजूत तोलली जात नव्हती, हे त्या काळाचे सामने पाहिलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही.

ज्यांची नावे आता फारशी कोणी घेत नाही त्यांचे दुःख याहून वेगळे. ब्राझीलचा लुकास पियाझोन अठराव्या वर्षी चेल्सीत आला, मालागा, आर्नहेम, फ्रँकफर्ट, रेडिंग, फुलहॅम असे मुक्काम करीत राहिला, आणि 2021 च्या जानेवारीत पोर्तुगालच्या ब्रागा क्लबाचा झाला तेव्हा चेल्सीच्या पहिल्या संघातून तो बोटांवर मोजण्याइतकेच सामने खेळला होता. जॉश मॅकएकरन हा तर कॉबहॅमचाच, डाव्या पायाचा अत्यंत सुबक खेळाडू. दर हंगामाला नवे गाव बघता बघता त्याचा खेळ वाढावयाचे वयच सरून गेले.

अपवाद होते, नाही असे नाही. आंद्रेआस क्रिस्टेन्सन मोंशनग्लाडबाख येथे सलग दोन वर्षे राहून 2017 मध्ये परतला आणि प्रशिक्षक आन्तोनियो कोन्ते यांच्या बचावफळीत स्थिरावला. लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम अशी भ्रमंती केलेला व्हिक्टर मोझेस याला त्याच कोन्तेंनी 2016 च्या शरदात, आर्सेनलकडून 3-0 अशी हार खाल्ल्यावर संघाची रचना बदलताना, उजव्या कडेवर उभे केले आणि त्या वर्षीचे लीगविजेतेपद त्याच्या धावण्याने बरेच सुकर झाले. परंतु मोझेसची आठवण कोणाला कधी झाली? जुनी रचना मोडली तेव्हा.

आणि 2019 साली तर संपूर्ण क्लबावरच तशी वेळ आली. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीचे नियम मोडल्याबद्दल फिफाने फेब्रुवारीत चेल्सीला खेळाडूखरेदीची मनाई केली; जूनमध्ये एडन हॅझार्ड रेआल माद्रिदला गेला; जुलैमध्ये फ्रँक लॅम्पार्ड प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. स्वतः लॅम्पार्ड तरुणपणी वेस्ट हॅमकडून स्वान्सीला लोनवर जाऊन आले होते. आणि आदल्या हंगामात डर्बीचे प्रशिक्षक असताना चेल्सीचेच मेसन माउंट व फिकायो तोमोरी हे त्यांच्या हाताखाली उसने खेळले होते. डर्बीला वेम्बलीवर ज्या अ‍ॅस्टन व्हिलाने हरवून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळविला, त्या व्हिलाचा आघाडीवीर टॅमी अब्राहम हाही चेल्सीचाच. रीस जेम्स विगनचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरून, दुखावलेला घोटा घेऊन परतला होता. बाजार बंद असल्यामुळे या चौघांकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नव्हते. जॉन टेरीनंतर, आणि तोही 2000 साली काही आठवडे नॉटिंगहॅम फॉरेस्टला उसना गेलेला होता, कॉबहॅमच्या पिढीमागून पिढी कोरडीच गेली होती. ती परंपरा कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर शिक्षेमुळे खंडित झाली.

पहिल्याच सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडकडून 4-0 असा पराभव झाला आणि माजी प्रशिक्षक मोरिन्यो यांनी दूरचित्रवाणीवरून तरुणांच्या निवडीवर टीका केली. तीन दिवसांनी इस्तंबूल येथे लिव्हरपूलविरुद्धच्या सुपर चषकात अखेरची पेनल्टी अब्राहमच्या वाट्याला आली आणि ती अडविली गेली. प्रागचीच ही पुनरावृत्ती, आणि त्यात भर म्हणून त्या कृष्णवर्णीय मुलावर समाजमाध्यमांतून वंशद्वेषाची जी गरळ ओकली गेली तिचा तिटकारा लॅम्पार्ड यांनी जाहीरपणे व्यक्त केला. मात्र येथे एक गोष्ट निराळी घडली, आणि या सगळ्या चौदा वर्षांत मला तीच सर्वांत मोलाची वाटते: अब्राहमला वगळण्यात आले नाही. दहा दिवसांनी नॉर्विच येथे त्याने दोन गोल केले, शेफील्ड युनायटेडविरुद्ध आणखी दोन, आणि 14 सप्टेंबरला वुल्व्हरहॅम्प्टन येथे तीन. त्या दिवशी चेल्सी 5-2 अशी जिंकली. पहिला गोल तोमोरीचा, दुरून मारलेला, मधले तीन अब्राहमचे, अखेरचा माउंटचा. पाचही गोल करणारे तिघेजण आदल्या वर्षी क्लबाबाहेर होते. नोव्हेंबरात आयाक्सविरुद्ध 4-1 अशी पिछाडी भरून काढताना चौथा गोल एकोणीस वर्षांच्या जेम्सने केला. हंगामाच्या शेवटी चेल्सी चौथी आली आणि एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचली. या मुलांना डर्बीत किंवा विगनमध्ये काही अद्भुत विद्या प्राप्त झाली होती असे नव्हे. आधीच्या पिढ्यांनाही ती होतीच. यांना परतल्यावर चूक करून पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरण्याची मुभा मिळाली, एवढाच फरक होता.

मनाई उठली आणि 2020 च्या उन्हाळ्यात वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली. जानेवारी 2021 मध्ये लॅम्पार्ड यांना दूर करण्यात आले, तोमोरी मिलानला गेला आणि पुढच्या वर्षी इटलीचा विजेता झाला. नवे प्रशिक्षक टॉमस टुखेल यांनी पहिल्या सामन्यात माउंटला बाकावर बसविले. चार महिन्यांनी पोर्तो येथे मँचेस्टर सिटीविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीच्या हावेर्ट्झच्या निर्णायक गोलाचा पास माउंटचाच होता, आणि सिटीच्या स्टर्लिंगला जखडून ठेवणारा बचावपटू होता जेम्स. अब्राहम मात्र त्या हंगामात संघाच्या सर्वाधिक गोलकर्त्यांपैकी एक असूनही मागे पडला. ऑगस्टमध्ये तो रोमाकडे गेला, आणि त्याच महिन्यात आघाडीवीर म्हणून चेल्सीने 9 कोटी 75 लक्ष पौंड मोजून कोणाला आणले, तर 2014 साली 2 कोटी 80 लक्षांना विकलेल्या लुकाकूला. वर्षभरात लुकाकू पुन्हा लोनवर इटलीत गेला. अब्राहम मात्र रोमासाठी त्याच वर्षी सत्तावीस गोल करून युरोपा कॉन्फरन्स लीगचा मानकरी ठरला. याहून बोलका जमाखर्च मला ठाऊक नाही.

2022 मध्ये क्लबाची मालकी बदलली, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून मांडली जाते, परंतु स्वतःच्या अकादमीतील मुलाच्या नावावर दप्तरात खरेदीचा खर्चच नसतो. त्यामुळे त्याला विकले की आलेली सर्व रक्कम त्याच वर्षी नफा म्हणून दिसते, आणि लीगच्या आर्थिक नियमांच्या धाकात असलेल्या क्लबाला असा मुलगा ठेवण्यापेक्षा विकणे सोयीचे होते. माउंट 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. कॉनर गॅलहर क्रिस्टल पॅलेसचा सर्वोत्तम खेळाडू ठरून परतला होता, जेम्सच्या दुखापतीमुळे 2023-24 चा बहुतेक हंगाम तो संघाचा कर्णधार होता, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये तो अ‍ॅटलेटिकोला विकला गेला. परदेशी लोनवर पाठवावयाच्या वयाने मोठ्या खेळाडूंच्या संख्येवर फिफाने टप्प्याटप्प्याने सहाची मर्यादा घातली असली, तरी क्लबात तयार झालेल्या कोवळ्या वयाच्या मुलांना ती लागू नाही.

सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे जन्मलेला ट्रेव्हो चालोबा इप्सविच, हडर्सफील्ड आणि फ्रान्सचा लोरियाँ असे तीन हंगाम बाहेर काढून 2021 मध्ये परतला, बेलफास्टच्या सुपर चषकात खेळला, आणि तीन दिवसांनी पॅलेसविरुद्ध लीगमधील पदार्पणात दुरून गोल करून गुडघे टेकून रडला. तरी 2024 मध्ये त्याला अमेरिकेच्या दौऱ्यातून वगळून अखेर पॅलेसलाच उसने देण्यात आले. बचावपटू जायबंदी झाले म्हणून जानेवारीत परतीचा हुकूम निघाला. 13 जुलै 2025 रोजी क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनला 3-0 असे हरविणाऱ्या संघाच्या बचावफळीत मध्यभागी तो होता, त्याच्या शेजारी हडर्सफील्ड व ब्रायटन येथून परतलेला लीव्हाय कोलविल, आणि त्यांच्या पुढे कर्णधार रीस जेम्स.